पद्धत ब

मेस्त्रींना सगळा बाजार 'हूं मेस्त्री' म्हणायचा. शिलाई मशीन दुरुस्तीला आणलेल्या माणसाने विचारलं, "होईल ना नीट?" तर उत्तर यायचं, "हूं." "उद्यापर्यंत?" "हूं." "तब्येत बरी आहे ना तुमची?" "हूं." या तीन हूंमध्ये जमीनअस्मानाचा फरक आहे, असं त्यांची बायको शपथेवर सांगायची. पहिला होकाराचा, दुसरा नकाराचा आणि तिसरा 'मशीन ठेवा आणि निघा' असा. बाकी कुणाला तो फरक कधी कळला नाही. पण मशीन दुरुस्तीत मेस्त्रींचा हात धरणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून लोक मुकाट्याने हूं ऐकून घ्यायचे.

खरं म्हणजे बोलायची वेळच त्यांच्यावर कधी आली नव्हती. दोघांच्या वाटचं बोलायला घरात बायको होती. ती कापडाच्या दुकानात विक्रेती होती. बटणं घ्यायला आलेल्या बाईच्या गळ्यात ती पडद्याचं कापड मारायची आणि ती बाई वर हिचेच आभार मानून जायची. संध्याकाळी घरी आली की दिवसभरात दुकानात घडलेलं, न घडलेलं आणि घडायला हवं होतं ते सगळं ती जेवताना सांगायची. चार घास चावायचे, थांबायचं, "आणि बरं का," म्हणून एक गोष्ट सांगायची, पुन्हा तीन घास. मेस्त्री ताटात मान घालून ऐकायचे. ऐकताहेत की नाही अशी शंका येऊन ती कधी विचारायची, "काय म्हणाले मी आत्ता?" आणि मेस्त्री घासागणिक सगळं बरोबर सांगून मोकळे व्हायचे, तेही सहा शब्दांत.

अशी एकवीस वर्षं गेली. मग पडदे लावायला स्टुलावर चढलेली बायको हनुवटीवर आपटली.

हाड मोडलं नाही, रक्त आलं नाही, सगळ्यांना वाटलं वाचली. पण कानाच्या जरा पुढे बोट ठेवून तोंड उघडून बघा. तिथे काहीतरी हलतं ना, तो जबड्याचा सांधा. त्या सांध्यात, खालच्या हाडाच्या गोळ्यावर, अंगठ्याच्या नखाएवढी एक मऊ, चिवट चकती असते. हाडावर हाड घासू नये म्हणून निसर्गाने घातलेली गादीच ती. बायकोच्या एका बाजूची चकती जागची सरकली आणि फाटली. एक शस्त्रक्रिया झाली, तिने भागलं नाही. दुसरीत डॉक्टरांनी चकती काढूनच टाकली. त्यानंतर तिचं तोंड दीड बोट उघडायचं. चमचा जायचा, पावाचा तुकडा जायचा नाही. बोललं की कळ थेट कानात. दुकानाच्या मालकाने माणुसकी दाखवली आणि तिला मागच्या खोलीत कापड मोजायला बसवलं. तिथे बोलायचं कुणाशी? ताग्यांशी?

घर इतकं शांत झालं की पाण्याची टाकी भरल्याचा आवाज स्वयंपाकघरात ऐकू यायला लागला. मेस्त्रींना ते सहन होईना. पण आपण बोलावं, हे त्यांना सुचलंच नाही. ज्याच्या घरी विहीर आहे त्याने कधी नळ घेतलेला नसतो, तसं झालं होतं ते. दोघं समोरासमोर बसून जेवायची, ती कालवून मऊ केलेलं चमच्याने आत ढकलायची, आणि मेस्त्री ताटात मान घालून काहीही न ऐकता जेवायचे. तीन वर्षं.

मग एका तपासणीच्या दिवशी एक गंमत झाली. बायको जबड्याच्या डॉक्टरांकडे आत गेली होती, मेस्त्री बाहेर बाकावर होते. एक तरुण बाई पांढरा कोट फडफडवत तळघरातून धावत वर आली आणि दारातूनच डॉक्टरांवर ओरडली, "मशीन पुन्हा बंद पडलं! कंपनीचा माणूस अकरा दिवसांनी येणार म्हणतोय. तोवर माझ्या चकत्या मरतील!"

चकत्या हा शब्द ऐकून मेस्त्रींनी कान टवकारले.

डॉक्टरांनी बाहेर डोकावून मेस्त्रींकडे बोट दाखवलं. "हे मशीनवालेच आहेत. विचार त्यांना."

"काका, येता का?"

"हूं," मेस्त्री म्हणाले. तो होकाराचा होता.

तळघरातल्या लॅबमध्ये एक उबदार कपाट होतं. त्याच्या आत काचेच्या डब्यांमध्ये, गुलाबी पाण्यात, आठ पांढुरक्या चकत्या बुडवून ठेवल्या होत्या. बाई, म्हणजे तिथल्या संशोधक मॅडम, भराभरा सांगत होत्या. बरगडीच्या टोकाशी असलेल्या कूर्चेतून, म्हणजे मऊ हाडातून, थोड्या पेशी घ्यायच्या. विरघळणाऱ्या धाग्यांची एक बारीक जाळी विणायची, चकतीच्या आकाराची, मध्ये पातळ आणि कडेला जाड. पेशी त्या जाळीत पेरायच्या. त्या वाढतात, जाळी विरघळते, चकती उरते. पण नुसती वाढवली तर ती मऊ गोळ्यासारखी होते, जबड्यात घातली की पहिल्याच घासाला फाटेल. म्हणून तिला आधीपासून चावायची सवय लावायची. त्यासाठी हे मशीन. वरून दांडा येतो, चकती दाबतो, वर जातो. दर सेकंदाला एकदा, रात्रंदिवस, सहा आठवडे.

मेस्त्रींनी झाकण उघडलं आणि त्यांना हसूच आलं. एवढ्या ज्ञानाच्या गोष्टीच्या पोटात शिलाई मशीनचंच कुळ निघालं होतं. मोटर, तिच्यावर एक चाक, चाकाच्या कडेला उंचवटे. उंचवटा आला की दांडा खाली. त्या चाकाला कॅम म्हणतात. दांडा जिथून खाली येत होता तिथे गुलाबी पाणी वाळून चिकटा धरला होता. पाऊण तासात त्यांनी तो साफ करून तेलाचा एक थेंब सोडला आणि मशीन चालू झालं.

त्या संध्याकाळी जेवताना मेस्त्रींनी मान वर केली. घसा खाकरला. आणि म्हणाले, "आज एक मशीन पाहिलं."

बायकोने चमचा खाली ठेवला.

पुढची वीस मिनिटं ते बोलत होते. गुलाबी पाणी, जाळी, बरगडीच्या पेशी, दांडा, चिकटा, मॅडम कशा नखं खातात, सगळं. अडखळत, मागचं पुढे करत, मध्येच "ते राहिलं" म्हणून परत मागे जात. ज्या गोष्टीवर यायचं होतं ती मात्र शेवटी आली. "चकत्या बनवताहेत ते," ते म्हणाले, "नव्या." आणि बायकोच्या गालाकडे बघून लगेच ताटात बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी दुकान बंद करून मेस्त्री लॅबमध्ये जायला लागले. कुणी बोलावलं नव्हतं. पण मशीनचं काही ना काही निघायचंच, आणि नाही निघालं तर मेस्त्री काढायचे. कंपनीच्या माणसाला मॅडमनी 'येऊ नका' कळवून टाकलं. आणि रोज संध्याकाळी मेस्त्री घरी जाऊन दिवसाचा सगळा वृत्तांत द्यायचे. दुकानात कोण आलं, हेही हळूहळू त्यात शिरलं. बाजाराला याचा पत्ता नव्हता. बाजारासाठी ते हूं मेस्त्रीच होते.

मनात त्यांच्या एकच गोष्ट होती, आणि ती त्यांनी मॅडमना कधी सांगितली नाही. यातली एक चकती आपल्या घरी यायची. बास.

चारएक महिन्यांनी कॅम झिजला. मॅडमना प्रवासाला जायचं होतं, त्या घाईत होत्या. "काका, नवा तुम्हीच करा ना. एवढंच बघा, खऱ्या माणसासारखं चावलं पाहिजे."

झालं. मॅडमच्या मनात होतं की जोर खऱ्या माणसाएवढा हवा. गती कागदावर लिहिलेली होतीच, ती सांगायची काय? मेस्त्रींनी कागद बघितला नाही. खरा माणूस म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर एकच माणूस जेवायला बसला. त्यांनी दुकानात बाकड्यावर बसून डोळे मिटले आणि बोटाने ताल धरला. चार वेळा टकटक, मग थांबा. 'आणि बरं का'ची जागा. तीन वेळा टकटक. मग मोठा थांबा, इथे शेजारणीचा विषय असायचा. पाच वेळा घाईघाईने, कारण पुढची गोष्ट जिभेवर आलेली असायची. असं मिनिटाचं गणित बसवलं. मिनिटाला एक फेरा घेणारं पितळेचं चाक, कडेला तेवीस उंचवटे, वेड्यावाकड्या अंतरावर. तीन दिवस कानशीने घासून त्यांनी ते इतकं सुबक केलं की मशीनवाल्या कुणीही बघून हात जोडावेत.

कपाट बंद असल्यामुळे आतला आवाज बाहेर येत नव्हता. सहा आठवडे कुणाला काही कळलं नाही.

मग दांड्याने किती वेळा दाबलं ते मोजणारा आकडा मॅडमनी वाचला. छत्तीस लाख यायला हवे होते. चौदा लाखही भरत नव्हते.

"काका!" त्या इतक्या मोठ्याने ओरडल्या की वरच्या मजल्यावरून कुणीतरी खाली आलं. "हे चावतच नाहीये! चावतं, थांबतं, चावतं, थांबतं! हे काय आहे?"

मेस्त्रींनी चाकाकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं. "बरोबर आहे," ते म्हणाले.

"काय बरोबर आहे?"

"माणूस असंच जेवतं. मध्ये बोलतं."

"कोण बोलतं?"

मेस्त्रींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "आमची बायको."

मॅडम खुर्चीत बसल्या. सहा आठवड्यांचं काम आणि आठ चकत्या एका माणसाच्या बायकोच्या गप्पांपायी पाण्यात गेल्या होत्या, गुलाबी पाण्यात. त्यांनी मेस्त्रींना चांगलंच धारेवर धरलं. कागद कशासाठी असतात, आकडे कशासाठी असतात, विज्ञान म्हणजे काय खेळ वाटला का. मेस्त्री मान खाली घालून उभे होते. ऐकायची सवय होतीच. पण त्यांना भीती फक्त एकाच गोष्टीची होती: आता इथे पाऊल टाकू देणार नाहीत.

"टाकून द्यायच्याच आहेत," शेवटी मॅडम थकून म्हणाल्या, "तर ओढून तरी बघू, किती जोराला फाटतात."

पहिली चकती चिमट्यांत धरून ओढली. फाटेना. मॅडमनी यंत्राचा आकडा शून्यावर आणून पुन्हा ओढली. आधीच्या चकत्या जिथे फाटायच्या त्याच्या जवळजवळ दुप्पट जोरावर ती फाटली. दुसरी तशीच. आठवी झाली तेव्हा मॅडमची नखं खाऊन संपली होती.

त्याचं कारण नंतर त्यांनीच मेस्त्रींना समजावलं. सतत दाबत राहिलं की पेशींना खायला मिळत नाही. दाबलेला स्पंज सोडला की पाणी शोषून घेतो ना, तसं मधल्या थांब्यात चकती ते गुलाबी पाणी आत ओढते. तेच तिचं अन्न. "थोडी विश्रांती द्यावी असं बाकीच्यांनीही म्हटलंय," त्या म्हणाल्या, "पण अशी वेडीवाकडी कुणी दिली नव्हती." पुढे तीन वेळा तोच प्रयोग नव्याने करून बघितला तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला. वहीत त्यांनी जुन्या चालीला 'पद्धत अ' लिहिलं आणि नव्या चालीला 'पद्धत ब'.

मेस्त्रींनी ते वाचलं आणि मान डोलावली. मॅडमना काही कळलं नाही. ब म्हणजे बायको, याबद्दल मेस्त्रींच्या मनात तिळमात्र शंका नव्हती, आणि त्यांनी घरी तसंच सांगितलं. बायको इतकी हसली की दुखऱ्या जबड्याला हात लावून तिला आडवं व्हावं लागलं. हसू आवरल्यावर दीड बोट तोंडातून म्हणाली, "सगळ्या जगाला कळलं आता, मी किती बोलते."

"बोलायचीस," मेस्त्रींच्या तोंडून निघून गेलं. मग म्हणाले, "बोलशील."

तिने उठून ताटं उचलली.

पुढचं वर्ष डुकरांचं होतं. पद्धत ब च्या चकत्या डुकरांच्या जबड्यात बसवल्या, आणि डुकरांनी त्यावर जे हादडलं त्याचं वर्णन मेस्त्रींनी घरी पाच-सहा संध्याकाळी केलं. सहा महिन्यांनी बघितलं तर चकत्या जाग्यावर, शाबूत. मग कागद फिरले, समित्या बसल्या, आणि पहिल्या सहा माणसांवर करून बघायला परवानगी मिळाली. मॅडमनी लॅबभर उड्या मारल्या. मेस्त्री हात पुसत उभे राहिले, मग हातातलं फडकं तसंच घेऊन जिने चढून डॉक्टरांच्या खोलीत गेले. जी गोष्ट दोन वर्षं मनात ठेवली होती ती बोलायची वेळ आली होती.

"त्या सहात," ते म्हणाले, "आमची धराल ना?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. "मेस्त्री, बसा. स्कॅन बघायचाय का त्यांचा?"

पडद्यावर चित्र आलं. डॉक्टर समजावायला पुढे सरकले, पण मेस्त्रींना समजावून सांगायची गरज नव्हती. शिलाई मशीनमध्ये शटल जिथे बसून फिरतं त्या जागेला कारागीर 'घर' म्हणतात. शटल झिजलं तर नवं टाकता येतं. घरच झिजलं असेल तर कितीही भारी शटल आणा, आठ दिवसांत उडून बाहेर येतं. हे वाक्य त्यांनी आयुष्यात किती गिऱ्हाइकांना ऐकवलं असेल, आणि तेवढ्यापुरते का होईना, ते हूंच्या पलीकडे जायचे. आता पडद्यावर ते बघत होते. एका बाजूचा सांधा गोल, गुळगुळीत, काळी रेघ मधून स्वच्छ गेलेली. दुसऱ्या बाजूला वरची खोबण सपाट झालेली, खालच्या हाडाचा गोळा अर्धा उरलेला, मध्ये रेघ नाहीच. हाडाला हाड चिकटत आलेलं.

"घर झिजलंय," मेस्त्री म्हणाले.

"हो," डॉक्टर म्हणाले. "दोनदा उघडलेला सांधा आहे. चकती बसवली तरी धरणार नाही. उगाच तिसरी शस्त्रक्रिया होईल, आणि आहे ते दीड बोटही जाईल."

मेस्त्रींनी फडक्याची घडी घातली. ती उलगडली, पुन्हा घातली. मग उठून निघाले.

बस समोरून गेली तरी ते चढले नाहीत. चालत गेले. वाटेत वाक्यं जुळवायचा प्रयत्न केला, पण दोन वर्षं शिकलेलं बोलणं ऐनवेळी दगा देत होतं. मीच तिला आशा लावली, हे एकच वाक्य डोक्यात फिरत होतं. रोज संध्याकाळी थोडी थोडी, घासाघासाने. इतकी वर्षं तोंड मिटून राहिलो ते काय वाईट होतं? इतका स्वतःचा राग त्यांना आयुष्यात कधी आला नव्हता.

बायको टेबलाशी बसून सूप गार व्हायची वाट बघत होती. मेस्त्री बूटही न काढता समोर बसले.

"सहाजण ठरलेत," ते म्हणाले. "आपण नाही त्यात. स्कॅन बघितला मी. घर झिजलंय, नाही बसायची चकती. आत्ताही नाही, नंतरही नाही." आणि एका दमात पुढचंही म्हणून टाकलं, "माझं चुकलं. तुला उगाच आशेवर ठेवलं."

तिने वाटी थोडी बाजूला सरकवली. "मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"नाही होणार ते. डॉक्टरांनी सांगितलं होतं. तुम्ही खाली ते मशीन पहिल्यांदा साफ करत होता ना, तेव्हाच."

"दोन वर्षं झाली त्याला!" मेस्त्रींचा आवाज शेजारी गेला असावा. "दोन वर्षं! मी रोज येऊन सांगतोय, जाळी, कॅम, डुकरं, आणि तू... मग बोलली का नाहीस?"

मोठं वाक्य म्हणजे तिला मोठी कळ. तिने तळहात गालाला लावून जबडा धरला आणि सावकाश बोलली.

"त्याच संध्याकाळी सांगणार होते. तर तुम्हीच आधी बोलायला लागलात. वीस मिनिटं. एकवीस वर्षांच्या संसारात आणि त्यानंतरच्या त्या तीन वर्षांत, पहिल्यांदा." ती दम घ्यायला थांबली. "मी सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी गेला असता तुम्ही तिथे?"

मेस्त्रींनी प्रामाणिकपणे विचार केला. "नसतो गेलो."

"मग? घरी येऊन काय केलं असतंत?"

त्याचं उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. मेस्त्रींना राग आला होता, दोन वर्षं आपल्याला खुळ्यासारखं बोलत ठेवल्याचा. वाईट तर त्याहून वाटत होतं, कारण ते तोंड आता कधीच उघडणार नव्हतं. आणि समोरची बाई त्यांना इतकी आवडत होती की ते सांगायला त्यांच्याकडे अजूनही शब्द नव्हते. ते रडले. तीही रडली, तोंड मिटूनच, जमेल तसं.

थोड्या वेळाने तिने नाक पुसलं, वाटी पुढे ओढली आणि चमचा हातात घेतला.

"आता सांगा," ती म्हणाली. "कोण कोण आहेत ते सहाजण?"

मेस्त्रींनी डोळे पुसले, खुर्ची जवळ घेतली आणि पहिल्या माणसापासून सुरुवात केली.